ओम्बुड्समनची फोड

आमच्या ऑफिसात सरांच्या केबिनवर एक पाटी होती. ती वाचायला कोणी थांबत नसे, कारण थांबलं की सर बाहेर येत.

पाटीवर एकच शब्द होता, ओम्बुड्समन. नवा माणूस, कुरिअरवाला, टोनर बदलायला आलेला कोणी, ज्यानं म्हणून चुकून मान वर केली त्याच्यासमोर दार उघडायचं. "वाचलंत? आता फोडू," असं म्हणून सर उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे. पहिलं बोट 'ओम'. म्हणजे भोवती, विषयी. आपल्या 'अभि'च्या घरातलं. दुसरं 'बुड'. म्हणजे सांगणं, निरोप, आज्ञा. आपल्या 'बोध'चा सख्खा चुलत भाऊ. तिसरं 'मन'. म्हणजे माणूस, आपला मनु. मधल्या 'स'बद्दल कोणीही विचारत नसे, तरी सर त्याचंही उत्तर द्यायचे. "तो सांधा. सुतार दोन फळ्या जोडताना खुंटी मारतो ना, ती. तिला अर्थ नसतो. काढून बघा मात्र, फळ्या हातात येतील."

शब्द स्वीडनचा, ऑफिस कतारमधलं, सांगणारा वाईचा आणि ऐकणारा बहुतेक वेळा नेपाळचा. तो बिचारा सहीसाठी कागद पुढे धरून उभा असायचा. सर सही करायचे आणि सांगायचे, "तर हा माणूस म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं घेऊन जाणारा. एवढंच. लक्षात राहील?" तो "येस सर" म्हणून लिफ्ट न घेता जिन्यानं जायचा.

हे सगळं खरं आहे का, असं मी एकदा शोधून पाहिलं. बरंचसं खरं निघालं. त्यामुळे तर जास्तच पंचाईत झाली, कारण खोटं असतं तर सरांना सोडून देता आलं असतं.

मी जिंतूरचा. माझे वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिपाई होते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, आणि ज्या कंपनीनं मला दोह्यात आणलं तिच्याबद्दल माझ्या मनात तेव्हाही कृतज्ञता होती, आजही आहे. इमारतींमधली विजेची आणि एसीची कामं घेणारी कंपनी. मी तिथं कामगार-कल्याण विभागात सहायक होतो. कामगारांच्या तक्रारी ऐकायच्या आणि महिन्याच्या शेवटी इंग्रजीत अहवाल लिहायचा, हे माझं काम. आणि हे सांगायला हरकत नाही की मी ते फार सुरेख करत असे.

त्याचं कारण माझ्या गावात होतं. आठवीपासून आमच्या अख्ख्या गल्लीचे अर्ज मी लिहायचो. नळाला पाणी नाही म्हणून नगरपालिकेच्या नावानं बोटं मोडत आलेल्या बाईचं सगळं ऐकून घ्यायचो आणि लिहायचो, 'महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती करण्यात येते की, पाणीपुरवठ्याबाबत सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा.' बाई अंगठा उठवून जायची. वडील शेजाऱ्यांना म्हणायचे, "पोरगं शिवीचा अर्ज करतंय." साहेबाचा मूड गेला की काम गेलं, हे आयुष्यभर साहेबांच्या दारात स्टुलावर बसून त्यांनी शिकलेलं होतं आणि ते त्यांनी मला दिलं. मी ते घेऊन कतारला आलो. इथं फक्त 'सविनय'चं 'काइंडली' झालं.

ती पाटी लागायच्या आधी सर डॉक्युमेंट कंट्रोलमध्ये होते. नकाशे आले की शिक्का मारायचा, नोंद करायची, पुढे पाठवायचे. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं. संस्कृत घेऊन बीए झालेला माणूस इथं कसा पोचला हे कोणी विचारत नसे, कारण गल्फमध्ये कोणीच कोणाला ते विचारत नाही. साठी जवळ आली होती. नोंदी आता संगणक करायचा आणि सर संगणकाकडे बघत बसायचे. एक स्वीडिश इंजिनिअर देश सोडून जाताना त्याच्या भाषेचा व्युत्पत्तीकोश कपाटावर टाकून गेला होता. सरांनी तो घरी नेला. स्वीडिश त्यांना येत नव्हती. फोनमधल्या भाषांतरावर एकेक ओळ वाचत दोन वर्षांत ते 'ओ'पर्यंत पोचले होते.

नेमकं तेव्हाच नवं कंत्राट आलं. त्यात एक अट होती: कंत्राटदारानं कामगारांसाठी ओम्बुड्समन नेमावा. आमचे ऍडमिन मॅनेजर नाशिकचे. त्यांनी पान माझ्यापुढे सरकवलं.

"हे काय असतं रे?"

"तक्रारी ऐकणारा अधिकारी, सर. आपल्याकडे लोकपाल म्हणतात."

"ते तू करतोसच की. मग हा काय करणार?"

"काही नाही, सर. पण पद हवं."

मॅनेजरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. "काम नसलेला कोण आहे आपल्याकडे?" ते म्हणाले, आणि आमचे दोघांचेही डोळे एकाच केबिनकडे गेले.

नेमणुकीचं पत्र द्यायला मीच गेलो. सरांनी ते वाचलं, घडी घातली, पुन्हा उघडून वाचलं. मग त्यांनी तीन बोटं वर केली. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी होतं. दोन वर्षं ज्या शब्दाकडे तो चालत निघाला होता तो शब्द स्वतः उठून त्याच्या टेबलावर आला होता. मी लोकपाल म्हणून अभिनंदन केलं तर ते गंभीर झाले. "लोकपाल म्हणू नकोस. पाल म्हणजे पाळणारा. लोक काय गुरं आहेत? हा पाळत नाही, राखत नाही, न्यायनिवाडा करत नाही. इथलं म्हणणं तिथं नेतो."

पुढे अडचण सुरू झाली ती यामुळे की सर हे खरं धरून चालले.

आम्ही दोघं फरीज बिन ओमरानमध्ये कंपनीच्या एकाच फ्लॅटमध्ये राहायचो. वरच्या मजल्यावर पुण्याचं एक कुटुंब होतं. एकदा त्या काकू जिन्यात सरांना म्हणाल्या, "त्या तळमजल्यावरच्या वहिनींना सांगा हो जरा, मासे तळताना खिडकी लावत जा म्हणावं, जीव नकोसा होतो." आता हे आपण कसं सांगू? सर खाली गेले, बेल वाजवली, आणि काकूंचाच हेल काढून, नाकाला तसाच पदर लावल्याचा हात करून, शब्दन् शब्द सांगून आले. वर तळमजल्याचं उत्तरही घेऊन गेले. ते उत्तर मी इथं देत नाही. सरांनी दिलं. दोन्ही घरांचं बोलणं तीन महिने बंद होतं. काकूंची शाळकरी मुलगी मला लिफ्टमध्ये म्हणाली, "अंकल, युअर फ्रेंड इज लाइक अ व्हॉइस नोट." मी हे सरांना सांगितलं. त्यांना फार आनंद झाला.

दर बुधवारी आम्ही बिरकत अल अवामेरच्या कामगार-वसतीत जायचो. गाडी कादिरभाई चालवायचे. ते रत्नागिरीचे. त्यांनी सरांना पहिल्याच आठवड्यात 'निरोप्या साहेब' करून टाकलं आणि सरांनी ते पाटीवर लिहायची परवानगी मॅनेजरांकडे मागितली. ती मिळाली नाही.

वसतीत मी माझा फॉर्म काढून बसायचो. सर फॉर्म वापरत नसत. कागदच वापरत नसत. माणूस बोलायचा, सर डोळे मिटून ऐकायचे, मग त्याचं त्यालाच म्हणून दाखवायचे, त्याच्याच भाषेत, त्याच्याच चढउतारानं. हिंदी, भोजपुरी, बंगाली, जे येईल ते. बंगाली त्यांना एक अक्षर कळत नव्हतं, पण पाठ व्हायचं. चुकलं की तो माणूस थांबवायचा, सर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचे. "हां, असंच," असं तो म्हणेपर्यंत त्यांचं काम संपत नसे. मी तेवढ्या वेळात अकरा फॉर्म भरायचो. मला त्यांची दया यायची.

इब्राहीमभाईंनी माझ्याकडे यायचं बंद केलं होतं ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. ते रायगडचे, म्हसळ्याकडचे, पन्नाशीचे इलेक्ट्रिशियन. त्यांनी माझ्याकडे दोनदा तक्रार दिली होती की त्यांना उंचावर पाठवू नये. कानात आवाज येतो आणि चक्कर येते. मी दोन्ही वेळा नीट ऐकलं होतं, पाणी विचारलं होतं. एक कुशल कामगार आपल्याला काम झेपत नाही असं कागदावर सांगतो हे त्याच्याच अंगाशी येईल, असं मला वाटलं. म्हणून मी लिहिलं, 'कामाच्या जागेबाबत पसंती व्यक्त केली.' वरून उत्तराची चिठ्ठी आली, पसंतीची नोंद घेतली आहे. मी ती त्यांच्या हातात दिली, अहवालात 'निकाली' लिहिलं आणि ते तिसाव्या फुटावर पुन्हा चढले.

त्या बुधवारी ते सरळ सरांसमोर बसले. मी शेजारीच होतो, पण त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"हे निरोप्या साहेब तुमीच काय?"

"मीच. बोला."

"चिठ्ठी वाचून घेतली माज्या रूमवाल्याकडून. पसंती, म्हणे. मी काय साडी निवडतोय काय दुकानात बसून?"

मग ते बोलले. सरांनी डोळे मिटले. पहिल्यांदा म्हणून दाखवताना सरांनी एक जागा थोडी मऊ केली, तर इब्राहीमभाईंनी हात वर केला. "नाय, तितं मी चिडलेलो. चिडून बोला." सर चिडून बोलले. परतीच्या वाटेवर गाडीत ते सारखं पुटपुटत होते. कादिरभाई आरशातून बघून सुधारत होते, "साहेब, रायगडवाला असा 'नाय' नाय म्हणत, जरा नाकातून." मला त्यातलं शेवटचं वाक्य ऐकू यायचं आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

"सर," मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात बैठक आहे. क्लायंटकडून बाई येणार आहेत. माझ्या अहवालात प्रलंबित तक्रारी शून्य आहेत."

"असू देत."

"मी त्यांची जागा आतल्या आत बदलून देतो ना. मॅनेजरसाहेबांचा मूड बघून बोलतो."

"कधी?"

"बैठक झाली की."

"तोवर तो चढेल," सर म्हणाले, आणि पुन्हा पुटपुटायला लागले.

खरं सांगायचं तर मला इब्राहीमभाईंची काळजी होती. आणि माझ्या शून्याचीही होती. दोन्हींपैकी जास्त कशाची, हे तेव्हा मी स्वतःला विचारलं नाही.

बैठक साइट ऑफिसात होती. ज्यांच्या कल्याणासाठी ती होती ते सगळे ड्युटीवर असल्यामुळे कोणी आलं नव्हतं. क्लायंटच्या बाई स्वीडनच्या होत्या हे कळल्यावर सर चहाच्या टेबलापाशीच त्यांना गाठून तीन बोटं वर करून उभे राहिले. मॅनेजरांनी माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. बाईंनी शांतपणे अभि, बोध आणि मनु ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, असं असेल, मला ठाऊक नव्हतं. आमच्याकडे हल्ली नुसतं 'ओम्बुड' म्हटलं की लोकांना किराणा दुकान आठवतं, कारण टपालाची पार्सलं तिथून घ्यायची असतात, त्या दुकानाला तसं म्हणतात.

मॅनेजर मोठ्यानं हसले. इतक्या थोर शब्दाचं किराणा दुकान झालेलं ऐकून मला सरांसाठी वाईट वाटलं. सरांनी मात्र अगदी बारकाईनं विचारलं, "दुकानदार पार्सल उघडून बघतो?"

"छे," बाई म्हणाल्या, "तो गुन्हा होईल."

"मग शब्द शाबूत आहे," सर म्हणाले आणि समाधानानं बिस्किट घेतलं.

मी अहवाल वाचला. प्रलंबित, शून्य. बाईंनी लिहून घेतलं. मॅनेजर म्हणाले, खलास, आणखी काही नसेल तर साइट बघून येऊ. सर उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, आणि त्या एसीच्या खोलीत इब्राहीमभाई बोलायला लागले.

"माजा डावा कान सहा महिने वाजतोय. तीस फुटांवर चढलो की जमीन एकीकडे जाते नि मी दुसरीकडे. दोनदा पट्ट्यानं वाचवला. तिसऱ्या खेपेला पट्टा अडकवायला हात पोचल की नाय, मना ठावं नाय. मी पडणार. आज नायतर उद्या पडणार, हे मी सांगतोय, आणि तुमी म्हणता पसंती. तो लिवून घेणारा पोरगा गोड बोलतो, पाणी विचारतो, नि कागदावर माजी भीती पुसून टाकतो."

सर बसले. बाईंना एक शब्द कळला नव्हता, पण चिडलेला माणूस कळला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काय म्हणाले?"

मॅनेजर कागद चाळत, मान वर न करता मराठीत बोलले, "सांग ना, एक जण आहे, त्याला जागा बदलून पाहिजे. दोन ओळींत उरक. यल्ला, चल लवकर."

दोन ओळी माझ्या तोंडात तयार होत्या. आठवीपासून तयार होत्या. मी उठलो आणि इंग्रजीत म्हणालो, "एका सहकाऱ्यानं कामाच्या जागेबाबत पसंती..." आणि सरांकडे बघितलं. मला वाटलं ते अडवतील. त्यांनी अडवलं नाही. ते पाण्याच्या बाटलीचं झाकण फिरवून बसवत होते, फार काळजीपूर्वक. कोणीतरी मला थांबवलं असतं तर बरं झालं असतं. कोणी थांबवत नव्हतं. बाहेर साइटवर त्या वेळी इब्राहीमभाई वर होते.

"नाही, मॅडम," मी म्हणालो. "तो म्हणतो, मी पडणार."

मग मी सांगितलं. कान, जमीन, पट्टा, आज नाहीतर उद्या. चिडून सांगायला जमलं नाही, पण सांगितलं. एक वाक्य मात्र मी गाळलं. शेवटचं.

बाईंनी विचारलं, तो आत्ता कुठं आहे. वॉकी-टॉकीवर निरोप गेला आणि पंधरा मिनिटांत इब्राहीमभाई जमिनीवर आले. दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांनी आतल्या कानाचा आजार सांगितला. इब्राहीमभाई केबलच्या गोदामात बसायला लागले. आठवड्यानं कंपनीचं परिपत्रक निघालं की उंचीवरच्या कामाबाबत कंपनी स्वतःहून किती जागरूक असते. ते मीच लिहिलं होतं.

सरांचं पद त्यानंतर दोन महिने टिकलं. पदांच्या नव्या तक्त्यात ओम्बुड्समनच्या जागी 'सुसंवाद समन्वयक' आला. सर साठीचे झालेच होते, त्यामुळे त्यांना काढलं असं कोणाला म्हणता आलं नाही. निरोपसमारंभात मॅनेजरांनी त्यांच्या बावीस वर्षांच्या सेवेबद्दल खूप चांगले शब्द वापरले, आणि सरांनी त्यातल्या 'समन्वय'ची फोड करायला सुरुवात केली तेव्हा केक कापला. सुसंवाद समन्वयक मी झालो. बढतीच होती. घरी फोन केला तर वडिलांनी पदाचं नाव तीनदा म्हणून घेतलं.

दुपारच्या विमानाला सरांना सोडायला मी आणि कादिरभाई गेलो. कोश त्यांनी हातातल्या पिशवीत घेतला होता. सामानात टाकला तर वजन होईल म्हणून नाही, म्हणाले, वाचायचा आहे, 'प' सुरू आहे. कादिरभाई ट्रॉली आणायला गेल्यावर मी विचारलं, "सर, त्या दिवशी मी एक वाक्य गाळलं होतं. तुमच्या लक्षात आलं होतं?"

"आलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाईंना काय करायचं होतं त्याचं? ते तुला होतं. तुला मिळालं ना?"

"मिळालं."

"मग झालं," ते म्हणाले आणि चेक-इनचा फलक शोधायला लागले.

मला वाटलं होतं तेवढ्यानं माझं मन हलकं होईल. झालं नाही. पुढच्या बुधवारी मी गोदामात गेलो. इब्राहीमभाई केबलचे तुकडे लांबीप्रमाणे लावत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं की बाईंना मी सगळं सांगितलं, फक्त माझ्याबद्दलचं सांगितलं नाही. ते तुकडे लावत राहिले.

"मग सांगायचा रायलाय," ते म्हणाले.

"हो."

"मग मना काय सांगतोस? जितं सांगायचा तितं सांग."

त्या महिन्याच्या अहवालात पहिल्या ओळीला मी त्यांचं वाक्य लिहिलं. लिहून घेणारा मुलगा गोड बोलतो, पाणी विचारतो, आणि कागदावर माझी भीती पुसून टाकतो. इंग्रजी साधंच केलं. खाली सही केली. प्रलंबित तक्रारी, एक.

मॅनेजरांनी बोलावून घेतलं. "हे काय आहे?"

"तक्रार आहे, सर."

"ते दिसतंय. कुणाविरुद्ध?"

"माझ्याविरुद्ध."

त्यांनी अहवाल मिटून बाजूला ठेवला. मग समजुतीनं म्हणाले, "अरे, पण तो माणूस खाली आला ना? मग बंद करून टाक की."

"मला नाही करता येत, सर," मी म्हणालो. "ज्याची आहे त्यानं करायची असते."

याला आता दोन वर्षं झाली. दर महिन्याला अहवाल पाठवायच्या आधी मी गोदामात जाऊन विचारतो. इब्राहीमभाईंनी ती अजून बंद केलेली नाही.